पहिला डावीकडे, पण खाली

मी, या कागदाच्या शेवटी सही करणारी, वय वर्षे सदुसष्ट, पाणीपुरवठा खात्याच्या तपासणी प्रयोगशाळेतून निवृत्त झालेली तंत्रज्ञ, हे माझे मृत्युपत्र स्वखुशीने, पूर्ण शुद्धीत आणि कोणाचेही दडपण नसताना लिहीत आहे. समोरच्या घरातल्या डॉक्टरांनी मला आज तपासले. रक्तदाब जरा वर निघाला. तो दडपणाचा नाही. सकाळी धाकटीला घेऊन वरच्या टाकीपर्यंत जाऊन आले, त्याचा आहे. डॉक्टरांनी दाखल्यात तसे नमूद केले आहे.

पुढील मजकुरात "थोरली" आणि "धाकटी" असे शब्द वारंवार येतील. कच्चा मसुदा वाचून वकिलांनी मला विचारले, "या दोघी आपल्या कोण लागतात?" म्हणून आधीच खुलासा करते. थोरली म्हणजे जर्मन बनावटीची, राखाडी रंगाची, चार दारांची गाडी. ती माझ्या दिवंगत दादाची. धाकटी म्हणजे जपानी बनावटीची, पांढरी, तीही चार दारांची. ती माझ्या दिवंगत पतींची. पतींचा उल्लेख मी पुढे "हे" असाच करणार आहे. इतक्या वर्षांची सवय एका कागदासाठी मोडत नाही.

दोन्ही गाड्या दिसायला घरगुती आहेत. पण शर्यतीत उतरवायची गाडी आधी लोकांना विकली पाहिजे असा एके काळी नियम होता. त्यामुळे साध्या सेडानच्या पोटात शर्यतीचे इंजिन बसवून थोड्याच गाड्या विकल्या गेल्या, त्यांपैकी या दोन. आज संग्रह करणारे लोक त्यांच्या मागावर असतात. दादाने आणि यांनी त्या घेतल्या तेव्हा त्यांच्याकडे कोणी ढुंकूनही बघत नव्हते. दादाने थोरली धरणाच्या कामावरून मायदेशी परतणाऱ्या एका परक्या इंजिनियरकडून घेतली. ते बघून यांना चैन पडेना. दोनच वर्षांत, बंद पडलेल्या एका कंपनीच्या लिलावातून, धाकटी आली. तेव्हापासून आमच्या घराशेजारच्या औषधाच्या दुकानामागच्या शेडमध्ये दोघी शेजारी शेजारी, आणि दोघे मेहुणे समोरासमोर.

कलम १. राहते घर माझ्या लेकीला द्यावे. ती उंच इमारतींमधल्या लिफ्ट तपासते, त्यामुळे घराची डागडुजी कशी करून घ्यायची ते तिला सांगायला नको. स्वयंपाकघरातला तिसरा दिवा लागायला वेळ घेतो. तो बिघडलेला नाही, त्याचा स्वभाव तसा आहे. बँकेत जे काही उरेल तेही लेकीचे, मात्र त्यातून आधी दोन्ही गाड्यांना नवे टायर घ्यावेत. हे कलम तिने माझ्या खांद्यावरून वाचले आणि म्हणाली, "आई, तू मृत्युपत्र लिहितेयस की गाड्यांची जाहिरात?" मी म्हटले, "पुढे वाच, मग बोल." तिला पुढचे वाचायला दिलेले नाही.

कलम २. यांची सगळी हत्यारे, म्हणजे पाने, पकडी, जॅक आणि लाल पत्र्याची पेटी, आमच्या मेकॅनिकला द्यावीत. त्याला सगळे "आस्ते" म्हणतात, कारण गाडी मागे घेताना त्याच्या तोंडात दुसरा शब्द नसतो. मी त्याला आधी साक्षीदार व्हायला सांगितले होते. ज्याला काही मिळणार आहे त्याने साक्षीदार होऊ नये, असे वकील म्हणाले. आस्ते म्हणाला, "काकू, सही काय कोणीपण करेल. मला पाने द्या." तसे ठरले.

कलम ३. धाकटीचा जुना सायलेन्सर शेडमध्ये भिंतीला टांगलेला आहे. तो वरच्या मजल्यावरच्या गृहस्थांना द्यावा. त्यांनी त्याच्या आवाजाबद्दल इतकी वर्षे तक्रार केली, की त्याच्यावर त्यांच्याइतका कोणाचाच जीव नसावा.

कलम ४. थोरली माझ्या मृत्यूनंतर माझ्या भाच्याला, म्हणजे दादाच्या मुलाला, द्यावी. खरे तर एवढ्यासाठीच मी हा कागद लिहायला बसले. बाकीची कलमे जाता जाता झाली.

याला कारण आहे. दादाने जाताना थोरली मुलाच्या नावावर न करता माझ्या नावावर केली. मला तेव्हा सायकलशिवाय काही चालवता येत नव्हते. दवाखान्यात त्याने मला जवळ बोलावून सांगितले, "थोरली तुझ्या नावावर करतोय."

मी म्हटले, "दादा, पोराला दे. त्याचा हक्क आहे."

"त्याला दिली तर तो तिला चष्म्यासारखी डबीत घालून ठेवेल. रोज पुसेल आणि महिन्यातून एकदा इंजिन चालू करून बंद करेल. तू चालव."

"मला गाडी येत नाही."

"मग शीक. वेळ कोणाकडे नाहीये, तुझ्याकडे की माझ्याकडे?"

भाच्याचे चष्म्याचे दुकान आहे. दादाचे म्हणणे अगदी चूक नव्हते. भाचा लहानपणापासून वस्तू जपणारा. त्याला दिलेली पेन्सिल वर्षभर टोक न काढता राहायची. पण वकिलांच्या कचेरीत दादाचे मृत्युपत्र वाचले गेले, तेव्हा तो चष्मा काढून पुसत राहिला आणि एवढेच म्हणाला, "बाबांना माझ्यावर भरवसा नव्हता, असंच ना आत्या?" मी त्याला दवाखान्यातले बोलणे शब्दाला शब्द सांगितले. तो म्हणाला, "ठीक आहे." आमच्या घरात काहीच ठीक नसते तेव्हाच हे दोन शब्द बोलले जातात.

त्यानंतर तो आमच्याकडे एकदाच आला, हे गेले तेव्हा. दारातूनच भेटून गेला. शेडकडे त्याने मान वळवली नाही. आपल्या बापाने आपल्याला नाकारले असे मनात धरून तो जगतो आहे आणि त्या नकाराची चावी माझ्या घरात खुंटीला टांगलेली आहे. मी मेल्यावर ती त्याला मिळेलच. पण मेल्यावर मिळालेल्या चावीने मनातली अढी सुटते का, याची मला शंका आहे. म्हणून कलम अकरा.

कलम ५. धाकटी लेकीला द्यावी. तिच्या नाकावर जो पोचा आहे तो ठोकून सरळ करू नये. त्याचा इतिहास कलम सातमध्ये.

कलम ६. गाड्या जमवून काचेच्या दालनात ठेवणारे एक सद्गृहस्थ दोनदा घरी येऊन गेले. त्यांना थोरलीची किंवा धाकटीची साधी व्हील कॅपसुद्धा मिळू नये. माणूस वाईट नाही. फार नम्रपणे बोलले. धाकटीभोवती फिरून म्हणाले, "तो पोचा काढून घेतलात, तर आम्ही दोघींना एका चौथऱ्यावर ठेवू. आयुष्यभर हलणार नाहीत." मी त्यांना म्हटले, आयुष्यभर न हलण्यासाठी मी स्वतःची वेगळी सोय करून ठेवली आहे. ते हसले नाहीत.

कलम ७. पोच्याबाबत.

दादाचे म्हणणे असे, की चालवावी तर थोरली. इंजिन कसे सुई लाल रेघेपर्यंत गात जाते, स्टेअरिंग कसे जे सांगू तेच करते. यांचे म्हणणे, की सेडान ही चार माणसांची गाडी आहे आणि चार माणसांनी बसावे तर धाकटीत. जागा बघा, शिवाय मागे सामान किती मावते. धाकटीच्या डिकीवर विमानासारखा एक पंख आहे. तो वेगात गाडी जमिनीला दाबून धरण्यासाठी असतो म्हणे. वहिनी त्यावर ओले टॉवेल वाळत घालायच्या.

या भांडणात आम्ही दोघी नणंद-भावजय मागच्या सीटवर असायचो. दर सुट्टीच्या दिवशी कुठेतरी जाणे व्हायचे, आज थोरलीतून तर पुढच्या वेळी धाकटीतून. पुढे ते दोघे, मागे आम्ही दोघी. पुढच्यांचे तोंड थांबायचे नाही आणि मागच्यांचे मत कोणी विचारायचे नाही. मला त्याची तक्रार नाही. मी बोलणारी बाई नव्हे, आणि खिडकी बरी असली की माझा वेळ बरा जातो.

शेवटी एकदा वहिनीच वैतागल्या. "अहो, एकमेकांच्या गाड्या चालवून बघा ना एकदाच्या. सवतींसारखं काय चाललंय?"

खात्याच्या शुद्धीकरण केंद्रापासून वरच्या टाकीपर्यंत वळणावळणाचा रस्ता जातो. तो खात्याचाच असल्याने सुट्टीच्या दिवशी त्यावर कुत्रेही नसते. साहेबांकडून परवानगी मी आणली. ठरले असे, की हे थोरली चालवतील आणि दादा धाकटी. थोरली पुढे, धाकटी मागे. मी बाजूला पिवळे फडके घेऊन उभी. ते खाली टाकले की निघायचे.

इथे एक तांत्रिक बाब समजून घ्यावी. साधारण सगळ्या गाड्यांत गियरचा दांडा डावीकडे घेऊन वर ढकलला की पहिला गियर पडतो. थोरलीत तिथे रिव्हर्स आहे. तिचा पहिला डावीकडेच आहे, पण खाली.

दादाने यांच्यासाठी थोरलीचे दार उघडून धरले. हे बसले. दादा म्हणाला, "पहिला डावीकडे." यांनी मान डोलावली आणि दार ओढून घेतले. थोरलीचे दार ही दादाची शान होती. ठप्प आवाज होतो आणि बाहेरचे जग बंद. दादा धाकटीकडे जाता जाता वळून मोठ्याने म्हणाला, "पण खाली!"

मी फडके टाकले. दादाने धाकटीला जोरात पुढे सोडले. यांनी थोरलीला जोरात मागे सोडले.

थोरलीला ओरखडा आला. धाकटीचे नाक आत गेले. हे खाली उतरले, मागे जाऊन बघितले आणि म्हणाले, "तुझ्या गाडीनं माझी गाडी ठोकली."

दादा धाकटीतूनच म्हणाला, "माझी गाडी तू चालवत होतास."

"आणि माझी तू!"

"मी सरळ चाललो होतो. तुला सांगितलं होतं, पहिला डावीकडे पण खाली."

"'पण खाली' कधी म्हणालास? डावीकडे म्हणालास. मी डावीकडेच टाकला."

"म्हणालो. तुला ऐकू आलं नाही."

"म्हणाला असतास तर ऐकू आलं असतं."

कठड्यावर बसलेल्या वहिनींनी मला विचारले, "वन्सं, तुम्ही तर मध्येच उभ्या होतात. खरं कोण बोलतंय?"

मी म्हटले, "दोघंही."

असा निकाल कोणालाच नको असतो. पोचा दुरुस्त करू द्यायला मात्र दोघेही तयार होईनात. दादाच्या मते तो यांच्या गाफीलपणाचा पुरावा होता आणि यांच्या मते दादाच्या अर्धवट बोलण्याचा. तपासणी तिथेच थांबली. नंतर दोघांपैकी कोणी दुसऱ्याच्या गाडीच्या स्टेअरिंगला हात लावला नाही. भांडण मात्र शेवटपर्यंत चालू राहिले. दवाखान्यात दादाला बोलताना धाप लागायची, तेव्हाही हे त्याच्या उशाशी बसून धाकटीच्या डिकीचे गुण सांगत होते आणि दादा बोटाने "नाही" म्हणत होता. मेहुणा गेल्यावर यांनी धाकटीची बाजू मांडणेच सोडले. समोर कोणी नव्हते.

कलम ८. गाडी शिकण्याबाबत.

हे गेल्यावर काही महिने मी शेडचे कुलूप काढले नाही. मग आस्ते येऊन म्हणाला, "काकू, नुसत्या उभ्या राहिल्या तर दोघी बसतील." मी ड्रायव्हिंग शाळेत नाव घातले. तिथल्या मास्तरांनी मला नातवाला सोडायला आलेली आजी समजून बाकावर बसवून ठेवले.

परवाना मिळाल्यावर पहिल्यांदा धाकटीत बसले, ते यांच्या जागेवर. माझे पाय पेडलपर्यंत पोचेनात. सीटखालची कडी ओढली आणि सीट पुढे सरकवली. खटकन आवाज झाला, तेव्हा माझ्या लक्षात आले, की यांच्या पायांचे माप मी आत्ता पुसून टाकले. ते आता कोणालाच सांगता येणार नाही. आस्ते बाहेर टायरकडे बघत उभा राहिला, जणू टायर कधी पाहिलाच नव्हता. मग मी किल्ली फिरवली.

तिथून पुढचे लिहिताना माझे अक्षर बिघडते आहे, ते समजून घ्यावे. धाकटीत टर्बो आहे. पाय दाबला की आधी काहीच होत नाही. वाटते, बिघडली. आणि मग पाठीला कोणीतरी दोन्ही तळवे लावून ढकलते. मी सदुसष्ट वर्षांत मोठ्याने ओरडल्याचे मला आठवत नाही. टाकीच्या रस्त्यावर दुसऱ्या वळणाच्या आधी ओरडले. आस्ते म्हणाला, "आस्ते!" मी म्हटले, "गप्प बस." एवढ्यावरून माणूस ओळखावा.

थोरली शिकायला जास्त वेळ लागला. हात सवयीने वर जायचा. आस्तेने शेवटी तिच्या डॅशबोर्डवर कागदाची एक पट्टी चिकटवली आणि तिच्यावर माझ्याकडून दोनच शब्द लिहून घेतले, "पण खाली". ती पट्टी कोणीही काढू नये.

कलम ९. निकाल.

पाण्याचे दोन नमुने तपासताना बाटली एकसारखी लागते, तापमान एक लागते, हात एकाच माणसाचा लागतो. नाहीतर फरक पाण्यातला की बाटलीतला ते कळत नाही. दादा आणि हे आयुष्यभर दोन बाटल्यांवर भांडले. म्हणून गेल्या महिन्यात मी रीतसर तपासणी केली. टाकीचाच रस्ता, एकाच सकाळी, दोघींच्या टायरमध्ये आस्तेने सारखी हवा भरलेली, मागच्या सीटवर वहिनी दोन्ही वेळा. वहिनींना वजनासाठी घेतले असे मी सांगितले. त्या म्हणाल्या, "वजनासाठी? बरं. आणखी काही बोलू नका."

थोरलीचे इंजिन वर वर जाताना जो सूर लावते तो खरोखर ऐकण्यासारखा आहे. पण सुईला लाल रेघेपर्यंत नेईपर्यंत वळण येते आणि पुन्हा खालून सुरुवात. तिला तुमच्याकडून शिस्त हवी असते. चुकलात तर ती रागावत नाही, फक्त गप्प होते. धाकटी चुका पोटात घालते. वळणात जरा जास्त वेगाने गेले, तर चारही चाकांनी रस्ता धरून ती बाहेर काढते आणि विचारते, पुढचे कुठे आहे? तिच्या दारांचा पत्रा पातळ, आतले प्लॅस्टिक कुरकुरते, क्लच पायाला जड. तरी खाली उतरल्यावर मला लगेच पुन्हा जायचे होते.

मग मी आस्तेला चालवायला बसवले आणि स्वतः माझ्या जुन्या जागी, मागे, दोघींमध्ये एकेकदा बसले. थोरलीच्या मागच्या सीटवर माणूस तासन्‌तास बसू शकतो. खड्डे नुसते कानावर येतात, अंगाला लागत नाहीत. खिडकी खाली आहे, बाहेरचे झाड मुळापासून दिसते. धाकटीत मागे डोके आदळते आणि त्या पंखामुळे मागचे अर्धे आभाळ दिसत नाही.

म्हणजे दादा म्हणायचा चालवावी तर थोरली, ते चूक. हे म्हणायचे बसावे तर धाकटीत, तेही चूक. बसावे थोरलीत, चालवावी धाकटी. दोघांनी आपापली गाडी उलट्या गियरमध्ये वाखाणली. मागे बसलेल्या कोणालाही विचारले असते तर पहिल्याच वर्षी कळले असते.

दोघींना सारखेच गुण देऊन मी सुटका करून घेणार नाही. तशा निकालाला प्रयोगशाळेत आम्ही निकाल म्हणत नसू. एकच निवडायची असेल तर माझी निवड धाकटी. ती यांची होती म्हणून नव्हे. मी आता मागे बसत नाही म्हणून.

कलम १०. वहिनींना थोरलीच्या मागच्या सीटवर डाव्या खिडकीशी बसण्याचा तहहयात हक्क राहील. गाडी कोणाच्याही मालकीची झाली तरी या हक्काला बाध येणार नाही. वकील म्हणाले, असा हक्क कायद्यात बसत नाही. मी म्हटले, वहिनी गाडीत बसतात तेवढे पुरे.

कलम ११. मृत्युपत्र मृत्यूनंतरच अमलात येते, हे मला वकिलांनी तीनदा समजावून सांगितले. हे कलम त्याला अपवाद आहे. ते येत्या १७ तारखेला, रविवारी सकाळी अमलात येईल. त्या दिवशी लेकीने आणि भाच्याने शुद्धीकरण केंद्राच्या फाटकाशी यावे. दोघांनी दोन्ही गाड्या टाकीपर्यंत चालवाव्यात, एका वेळी एकच, आणि काय वाटले ते सांगावे. खात्याची परवानगी घेतली आहे. या कलमाची नक्कल भाच्याच्या दुकानात आजच पाठवत आहे. कलम नऊ कोणालाही दाखवलेले नाही.

भाच्यासाठी वेगळी ओळ: बाळा, तुझ्या बापाने तुला गाडी दिली नाही, कारण तू ती पुसशील अशी त्याला भीती होती. ये आणि जरा मळव.

वरील सर्व मी स्वतःच्या हाताने लिहिले असून वाचून बरोबर असल्याची खात्री केली आहे.

ठिकाण: राहते घर, जेवणाचे टेबल
दिनांक: ९ नोव्हेंबर, शनिवार
(सही) मृत्युपत्र करणारी

साक्षीदार पहिला: (सही) समोरच्या घरातले डॉक्टर. "सही करताना बाई शुद्धीत होत्या. नाडी जलद."
साक्षीदार दुसरा: (सही) शुद्धीकरण केंद्राचा पहारेकरी

पुरवणी

वरील मृत्युपत्रात पुढीलप्रमाणे बदल करीत आहे. कारण खालीलप्रमाणे.

कलम अकराप्रमाणे आज सकाळी मी दोन्ही गाड्या फाटकाशी नेऊन लावल्या. थोरली मी नेली, धाकटी आस्तेने. लेक वेळेवर आली. वहिनी कलम दहाप्रमाणे आपल्या खिडकीशी जाऊन बसल्या होत्या. भाचा आला नव्हता. डॉक्टर रक्तदाबाचे यंत्र घेऊन मुद्दाम आले होते. त्यांनी दोनदा माझ्याकडे पाहिले, पण पट्टा काढला नाही. पहारेकरी फाटक लावायला निघाला. लेक म्हणाली, "आई, तो नाही येणार. चल, मी सुरू करते." मी म्हटले, थांब. लगेचच तो चालत आला, हातात दुकानातले पिवळे मऊ फडके.

आल्या आल्या त्याने थोरलीची पुढची काच पुसली. मग आरसे, मग आत बसून डॅशबोर्ड. त्याचे तेवढे झाल्याशिवाय त्याला पुढचे जमणार नव्हते. मी उघड्या दारातून म्हटले, "पहिला डावीकडे, पण खाली."

"माहितीये आत्या. बाबांनी शंभर वेळा सांगितलंय." आणि दार ओढून घेतले. ठप्प.

त्याने गियर टाकला आणि थोरली जोरात मागे गेली. चांगली गाडीच्या लांबीइतकी गेली. मग ब्रेक लागला. मागच्या खिडकीत वहिनींचा चेहरा अजिबात बदलला नाही, त्यांना सवय आहे. धाकटी मी या वेळी मागे नाही, बाजूला लावून ठेवली होती. एवढी अक्कल मला त्या पोच्याने दिली आहे.

भाच्याने दार उघडले. खाली उतरला नाही. फडक्याची घडी उलगडून दाखवली. आत "पण खाली" ही पट्टी होती. "कागद चिकटलेला दिसला, म्हणून पुसताना काढला," तो म्हणाला.

लेक म्हणाली, "घराण्याची परंपरा आहे रे. आता तू आत्याच्या गाडीनं माझी गाडी ठोकायला हवी होतीस."

तो हसला. आधी थोडे, मग स्टेअरिंगवर डोके टेकवून. नंतर त्याने डोळे पुसले ते त्याच पिवळ्या फडक्याने आणि चष्मा तसाच मळका राहू दिला. मी त्याच्याकडे इतकी वर्षे मळका चष्मा पाहिला नव्हता.

मग दोघांनी दोन्ही गाड्या चालवल्या. लेकीचा निकाल थोरली. मी तिच्याशी वाद घातला, आणि वाद घालायला इतकी मजा येते हे मला आजवर कोणी सांगितले नव्हते. भाचा निकाल द्यायला तयार होईना. "एका फेरीत नाही कळत आत्या. बाबा बरोबर होते की मामा, बघावं लागेल. परत यावं लागेल." यांना तो लहानपणापासून मामा म्हणायचा, कारण लेक त्याच्या बापाला मामा म्हणायची आणि त्याला वाटायचे सगळ्यांनाच मामा म्हणतात.

सबब, कलम चारमधील "माझ्या मृत्यूनंतर" हे शब्द खोडून टाकावेत. थोरली आज दुपारी तो घरी घेऊन गेला. वहिनी मागे बसून गेल्या. पट्टी मी स्वतः पुन्हा चिकटवली. त्याने दार ओढून घेतल्यावर माझ्या लक्षात आले, की शेवटचे सांगायचे राहिले. मी त्याचे माझ्याकडे राहिलेले पिवळे फडके हलवून मोठ्याने म्हटले, "पण खाली!"

गाडी जागीच थांबली. मग काच खाली आली.

"ऐकू आलं, आत्या," तो म्हणाला, आणि पुढे गेला.

ठिकाण: शुद्धीकरण केंद्राचे फाटक, कागद धाकटीच्या बॉनेटवर ठेवून, पोच्याच्या वरच्या अंगाला
दिनांक: १७ नोव्हेंबर, रविवार
(सही) मृत्युपत्र करणारी

साक्षीदार पहिला: (सही) समोरच्या घरातले डॉक्टर. "रक्तदाब मोजू दिला नाही."
साक्षीदार दुसरा: (सही) पहारेकरी